थोरल्याचा फरा

"हॅलो?… हॅलो, आक्का? व्हय, बोल बोल… न्हाई, थांब, आत जाऊ दे, भाईर ढोल चाललेत, काय आयकू यीना…"

फोन कानात आणि खांद्यात दाबून बिरदेव सैपाकघरात शिरला. दार पायानं लोटलं. ढोल जरा लांब गेले, पण गेले नाहीत. आज बिरोबाची जत्रा, देवळापुढं सकाळपासून चालू होते ते, आणि आता दुपार कलली तरी पोरं दमायचं नाव घेत नव्हती.

"हां, आता बोल. नाईट सुटली का तुझी?… मग झोप की… न्हाई न्हाई, झोपू नगंस. मीच मिसकॉल दिल्यात तुला. लय दिल्यात. आगं तुझा कुकर उकळंना झालाय."

"उकळंना म्हंजे उकळंना. बुडबुडं न्हाईत. काचंतनं बघतोय न्हवं मी. सकाळधरनं ठिवलाय, आन् नुसता घाम आलाय झाकणाला."

"व्हय, बटन 'लो'वरच हाय. तू सांगिटलं तसंच."

"न्हाई गं, झाकण न्हाई उचललं… एकदाच… दोनदा. एकदा आईनं उचललं, ती काय माजं आयकती व्हय? म्हणली, ढवळल्याबिगर कसलं आलंय मटण. पळी घालत हुती, हात धरला मी तिचा."

"आगं वराडू नगंस. मधी लाईटबी गेलती. थोडा येळच. तवा मी कुकराला गोधडी गुंडाळली… हासू नगं. माज्या जागी तू असतीस तर तूबी गुंडाळली असतीस."

ओट्याच्या कोपऱ्यात तो कुकर बसला होता, विजेवरचा, बिनशिट्टीचा, मंद आचेवर दिवसभर शिजवणारा. काळा, लांबोडका, पोट सुटल्यासारखा. त्याची चौकोनी पीन इथल्या कुठल्याच भोकात बसत नव्हती म्हणून बिरदेवनं आटपाडीतल्या मोबाईलवाल्याकडून जोड आणला होता, आणि तो जोडही हलायचा म्हणून त्याला सुतळीनं आवळला होता. दिवाळीला आक्का, म्हणजे थोरली बहीण उत्कर्षा, आयर्लंडहून आली, तिथं ती दवाखान्यात नर्स आहे, तेव्हा तिच्या बॅगेत कपडे कमी आणि हा कुकर जास्त अशी गत होती. आईला वाटलं होतं लेक चॉकलेट आणेल.

"आक्का, आयक. मला फकस्त एवढं सांग, दिस मावळायच्या आत हुतंय का न्हाई… दिवं लागलं की पंगत. तुला काय म्हायती न्हाई का? आबा येणार, मधी बसणार, आई परातीत फरा घिऊन येणार, वर पांढरं फडकं. आन् सगळी भावकी आबांच्या तोंडाकडं बघत बसणार. मागच्या वर्षासारखी."

मागच्या वर्षी काय झालं ते दोघांनाही सांगायची गरज नव्हती. जत्रेच्या बकऱ्याचा पुढचा एक पाय, खांद्यापासून अख्खा, म्हणजे फरा, हा भावकीतल्या थोरल्याचा. त्याला सुरी लावायची नाही, तुकडा करायचा नाही, बोटानं तोडायचा नाही. थोरल्यानं हाडावरच दात लावून पहिला घास तोडायचा, मग बाकीच्यांनी ताटाला हात घालायचा. आबांनी, म्हणजे बिरदेवच्या बापानं, अर्जुनानं, कैक वर्षं तो असा तोडला की बघणाऱ्यानं बघत राहावं. मग दाढा हलल्या, मग दात गेले, मग सांगलीला जाऊन कवळी बसवली. आणि मागच्या वर्षी भर पंगतीत आबांनी फऱ्याला दात लावला, मान हिसडली, आणि कवळी फऱ्यातच राहिली.

आधी कुणी हसलं नाही. मग सगळेच हसले. त्या दिवसापासून कवळी ट्रंकेत आणि आबा मटणाच्या दिवशी ताक-भात खाऊन उठायचे.

"काकाची जीभ म्हायत्येय न्हवं तुला? परवा पारावर बसून सगळ्यांच्या देखत म्हणला, दादाला झेपत न्हाई आता, औंदा मान आमच्याकडं द्या… आबा? आबा काय म्हणणार. तमाकू मळत बसलं."

"मग, म्हणून तर म्हणतोय. तू म्हणलीस हिरड्यांनी तोडता यील एवढं मऊ हुतंय, आन् हाडावरनं सांडतबी न्हाई. त्या बोलीवर आईला तयार केलीया मी. न्हाईतर तिनं चुलीवर ठिवला असता. चुलीवरचा फरा आबांना चावंल व्हय?"

"नळी वर आलती, झाकण बसंना. कापायचा तर न्हाई. मग कडंनं कणीक लावली… व्हय, कणीक. भाकरीच्या पिठाची न्हाई, गव्हाची. आता कणीक पार भाजून कडक झालीया."

बिरदेव वाकून काचेतून बघत होता. काचेवर थेंब, थेंबामागं तांबडा रस्सा, रश्श्यात फरा पाठ वर करून निवांत पडलेला. तासगावात बेदाण्याच्या शेडवर तो कामाला होता, तिथंही सगळं असंच, बघत बसायचं आणि आपोआप व्हायचं. पण द्राक्षं वाळायला कुणाचा मान अडकलेला नसतो.

"बरं मग तुझ्यात कसं हुतं ते सांग. तू तिकडं करतीस तवा येत्यात का बुडबुडं?… न्हाईत? बगा. मग शिजतं कसं?… आपोआप. बरं. आन् केवढा असतो तुझा?… एकच तुकडा? दीड किलूचा?… हाडासकट?"

"बिनहाडाचा. बरं."

"दोरीनं बांधल्याला? मटण दोरीनं बांधत्यात तिकडं?… आकार ऱ्हावा म्हणून. लय भारी काम हाय. दर आयतवारी खातीस व्हय असलं? आन् आमाला सांगती, सूप पिती, पाव खाती…"

"आगं पर बकऱ्यात एवढा बिनहाडाचा तुकडा निघतो कुठनं? मांडीतबी न्हाई निघत. बकरं हाय का काय हाय?"

तिकडून उत्तर आलं. बिरदेव ओट्यावर कोपर टेकून होता तो सरळ झाला.

"काय म्हणलीस?"

"न्हाई, आयकू आलं. परत म्हण."



"हळू बोल. आगं फोन कानालाच हाय, पर तरीबी हळू बोल."

त्यानं खिडकी ओढून घेतली. बाहेर अंगणात आई भाकरीचं पीठ चाळत होती, चाळणीचा आवाज येत होता. तो ओट्याकडं पाठ करून भिंतीला तोंड लावून उभा राहिला.

"बीफ म्हंजे त्येच का?… बेंदराला ज्याची शिंगं रंगवतो आपण, त्येच?"

"त्येच म्हणतीस."

"न्हाई न्हाई, म्हैस न्हवं का? म्हैस आसंल… तुला नक्की म्हायत्येय?… पाकिटावर लिवल्यालं असतंय. बरं."

"आन् ह्याच कुकरात?… दुसरा न्हवता तुझ्याकडं?… ह्यो हिकडं दिल्यावर घेतला दुसरा. म्हंजे ह्योच."

"तू चुकलीस आसं मी कुठं म्हणतोय? आगं ऐक ना… ऐक की. तू काय खायाचं ते तू बघ, मी इचारणारा कोण. तिकडचं तिकडं. पर कुकर हिकडं हाय, आक्का."

तो वळला. कुकर होता तिथंच होता. बारकी तांबडी बत्ती लागलेली. आत बिरोबाच्या जत्रेचं बकरं.

"व्हय, धुतला असशील. मशिनीत धुतला असशील, लिंबू लावून धुतला असशील. नर्स हाईस तू, तुझ्यासारखं कोण धुणार. पर किती येळा धुतला ते मी कुणाला सांगू? आबांना का बिरोबाला?"

"दिवाळीला देतानाच सांगायचं की मग… काय इसरलीस?… आगं मी त्यात बटाटं शिजवली असती, भुईमुगाच्या शेंगा शिजवल्या असत्या, माजं काय म्हणणं न्हवतं. पर फरा… तुला फोनवर सांगिटलं हुतं मी, फरा ठिवणार म्हणून. तवातरी आठवायचं."

"थांब, थांब. कोण आलं… आं? आवं काका, व्हतोय की. अजून हाय येळ… न्हाई, तुमी कशाला आत येताय, लय धूर झालाय… न्हाई, धूर न्हाई, धूर कसला, इजेवरचं हाय ते, उकाडा लय झालाय म्हणतोय मी… आक्काचा फोन हाय… व्हय, सांगतो की."

आबांचा धाकटा भाऊ नाथाजी दारातून अर्धा आत वाकला होता. कपाळभर भंडारा, नवी टोपी, आणि तोंडात एक जाड ऊस. तो दातानं सोलत, तिथंच चोयट्या थुंकत, कुकराकडं बघून हसला आणि गेला. ऊस आत्ताच खायची काय गरज होती ते बिरदेवला कळत होतं.

"गेला. काका आलता. तुला इचारलंय, तिकडं लय थंडी असती का म्हणून."

"हां बोल. काय करू सांग. मला काय सुचंना झालंय."

"दुसरा फरा? दुसरा सकाळीच तुकडं हून हंड्यात गेला. थोरल्याचा एकच असतो. आगं तू ह्याच घरात वाढलीस न्हवं?"

"काढून चुलीवर ठिवू? ठिवतो. चुलीवर ठिवून काय हुणार? ज्या भांड्याला लागायचं त्या भांड्याला लागून बसलंय ते."

"हंड्यातली नळी दिऊ आबांना? आक्का, हंड्यातलं मटण काकासारख्या ऊस सोलणाऱ्याचं. आबांच्या तोंडात काय हाय? हिरड्या."

तो कुकराजवळ गेला, परत मागं आला. पाण्याचा तांब्या उचलला, न पिताच ठेवला. चाळणीचा आवाज थांबला म्हणून दाराकडं कान दिला. परत सुरू झाला.

"नगं सांगू म्हणतीस… व्हय, मलाबी पयलं त्येच वाटलं. मी नगं सांगू, तू नगं सांगू, तू तिकडं, मी हिकडं, कुणाला कळतंय. धर, न्हाई सांगत. मग पंगतीत मी आबांच्या बाजूला बसणार. आबा डोळं झाकणार, बिरोबाचं नाव घेणार, आन् तोंडाला फरा लावणार. तवा मी काय करू? भाकरी मोडत बसू?"

"आगं तुला न्हाई बसायचं तितं. तू सुटलीस."

"तसं न्हाई म्हणायचं मला. सुटलीस म्हंजे… जाऊ दे. चिडतीस काय लगीच."

"थांब, वास बदललाय."

त्यानं चमच्याच्या दांड्यानं कणीक फोडली. कडक पापडासारखी ती तुटून ओट्यावर पडली. झाकण उचललं तर वाफ तोंडावर आली, कांदा-लसणाची, भाजल्या खोबऱ्याची, आणि तिच्या खाली मटणाची. त्यानं एक बोट फऱ्यावर टेकवलं. दाबलंही नाही, नुसतं टेकवलं. बोट आत गेलं.

"आक्का."

"आक्का, शिजलाय गं. लोण्यागत झालाय. आन् सांडला न्हाई, हाडाला धरून हाय, अख्खाच्या अख्खा. आबा ह्यो जिभंनं तोडतील. तू म्हणलीस तसाच झालाय, अगदी तसाच… आता काय करू मी ह्याचं?"

मग तिकडून बोलणं सुरू झालं आणि बिरदेव नुसता हुं हुं करत राहिला. मधेच थांबला.

"आबांना तू कशाला सांगतीस? तू नगंस सांगू. आगं त्येंना कुकराचं काय वाटायचं न्हाई. वाटंल, पर तेवढं न्हाई. त्येंना तुझं वाटंल… तुझं म्हंजे, तू खातीस त्येचं."

"तू गेलीस तवा आबा काय म्हणलं? काय तर म्हणलं का? स्टँडवर बॅग उचलून दिली आन् बस जाईस्तवर हुभं ऱ्हायलं. मी म्हणलं, चला आबा, बस गेली. तरी हुभंच. बोलणारा माणूस असता तर भ्या न्हवतं. शिव्या दिल्या असत्या, मोकळं झालं असतं. आबा बोलायचं न्हाईत, आन् मग मी वर्षभर त्येंच्या तोंडाकडं बघू व्हय?"

"लपवलं न्हाईस. बरोबर हाय. आमीच इचारलं न्हाई… व्हय, आमी फकस्त थंडीचं इचारलं. आजवर जेनं फोन घेतला तेनं थंडीचंच इचारलं. मान्य हाय. पर म्हणून…"

भिंतीपलीकडं कुणीतरी खोकललं.

बिरदेवचं वाक्य तिथंच राहिलं. सैपाकघर आणि मधली खोली यांच्यात भिंत छपरापर्यंत गेलेलीच नव्हती. वरचा हातभर भाग मोकळा, वारा यावा म्हणून. आणि मधल्या खोलीत आबांची बाज. आबा तर सकाळीच देवळात गेले होते. गेले होते, हे खरं. आले कधी ते कुणी बघितलं नव्हतं.

पडदा सरकला. आबा उभे होते, डोईचा पटका हातात, बंडीवर भंडाऱ्याचा पिवळा डाग.

"आक्का… आबा हायती."

"हितं. माज्याम्होरं… कवाधरनं मला काय म्हायती? थांब की."

"आबा, तुमी कवा आला?… लय येळ झाला?… व्हय, आक्काच हाय… व्हय, तिचाच कुकर… सगळं?"

"आक्का, सगळं आयकलंय म्हणत्यात. माज्या बाजूचं. तुझ्या बाजूचं त्येंनी त्येंच्या मनानं लावलं आसंल."

आबा हळू चालत ओट्यापाशी आले. कुकराकडं बघितलं, पण आधी खाली वाकून ओट्यावरचा कणकेचा तुकडा उचलून बाजूला ठेवला, चुलीपाशी सांडलेलं आवरावं तसा. मग काहीतरी पुटपुटले. दातांशिवाय त्यांचं बोलणं मऊ झालं होतं, जवळच्यालाच कळायचं.

"काय?… इचारतो. आक्का, आबा इचारत्यात, आयतवारी ते तू करतीस ते एकटीच खातीस का संगट कोण असतंय?… न्हाई, तेवढंच इचारलंय. खरंच तेवढंच."

"दोघीजणी असत्यात म्हणती, आबा. केरळच्या. तिच्याच दवाखान्यातल्या. तिघी मिळून खात्यात… बरं, म्हणत्यात."

"बरं म्हंजे बरं. मला काय म्हायती काय बरं."

आबा कुकराच्या आत बघत होते. फरा, नळी, वर तवंग. मेंढरामागं उभा जन्म काढलेला माणूस, कुठलं जनावर कोवळं आणि कुठलं निबर ते पाठीवर हात फिरवून सांगणारा. त्यांना शिजलेलं कळायला बोट लावायची गरज नव्हती. मग परत पुटपुटले, आणि बिरदेवनं फोन कानावरून खाली घेतला.

"का पर? आबा, का?… आवं मऊ झालाय. बघा तरी… न्हाई, मी नगं कसं म्हणीन…"

फोन परत कानाला.

"आक्का, म्हणत्यात ह्यो फरा पंगतीला जायाचा न्हाई."

"आबा, आयका की. कुणाला कळणार न्हाई. मी आन् आक्का, दोगंच. तीबी न्हाई सांगणार. आन् धुतल्याला हाय, मशिनीत, लिंबू लावून. नर्स हाय ती… आवं काका टपून बसलाय भाईर. ऊस खातोय दारात हुभा ऱ्हाऊन. एकदा त्येच्याकडं मान गेला की परत यायचा न्हाई आपल्या घरात, त्येच्या पोरांकडं जाईल. आबा, त्यो हासणार तुमाला. मागल्या साली हासला तसा."

आत्ता थोड्या वेळापूर्वी जे जमणार नाही म्हणून तो बहिणीशी भांडत होता, तेच आता बापाला करायला सांगत होता. ते त्याच्या ध्यानात आलं.

"…म्हणत्यात, तुला कळलंय की."

"काय करू आक्का, बरोबर बोलत्यात. मला कळलंय."

"मग पंगतीला काय? फराच न्हाई तर दात कशाला लावायचा?… थांब, आबा काय म्हणत्यात… म्हणत्यात, हंड्यातली थोराड नळी काढून नाथाजीच्या हातात द्या. बिरोबा काय फरं मोजत बसत न्हाई."

"हासतीस काय? मी काय हासाय सांगिटलं?… आगं मला रडाय यायचं ऱ्हायलंय आन् ही हासती. तूबी रडतीस? मग एक कायतर कर."

आबांनी पाट ओढला. ओट्याखालची पितळी घेतली, परातीएवढी. दोन फडकी धरून कुकराच्या आतलं जड भांडं उचललं, खाली घेतलं, आणि फरा अलगद पितळीत उतरवला. थरथरला, पण मोडला नाही. मग ते पाटावर बसले.

"आबा, काय करताय? वतायचाय का? कुत्र्याला घालायचा तर मी नेतो, तुमी उठा…"

"आक्का."

"आक्का, आबांनी हात घातला… हात. फऱ्यात. आबा, आवं पंगतीच्या आदी थोरल्याच्या तोंडात घास जायाचा न्हाई. उपास हाय तुमचा. आज खाल्लं की मान गेला, नळीला दात काकानं लावला तरी पंगतीत मधी तुमीच बसला असता, आता त्येबी मिळायचं न्हाई…"

"खाल्लं."

"खाल्लं त्येंनी, आक्का. दोन बोटांनी काढलं आन् खाल्लं."

"इचारलं की मी. त्येच तर इचारतोय, हे कसं चालतंय मग… म्हणत्यात, देवाला चालायचं न्हाई. मला चालतंय."

"तेवढंच. आजून काय म्हणणार? तोंडात घास हाय त्येंच्या."

बिरदेवनं स्क्रीन बघितली, फोन लागलेलाच होता. बाहेर ढोलाचा ताल बदलला. आबा खात होते. घाई नाही, काही नाही. मटण जिभेवर घ्यायचे, टाळूला लावायचे, गाल आत जायचे, आणि गिळलं की क्षणभर थांबायचे, पुढचा घास आहे याची खात्री असल्यासारखे. वर्षभर या माणसानं ताक-भातावर काढलं होतं. आता हाड धरून त्यांनी फरा तोंडाला लावला आणि मान न हिसडता, नुसता ओठांनी, एक लांब पट्टा सोलून घेतला.

"हाईस का?… आगं मग बोल की. आबा खातायत. हाडावरनं खातायत, हातानं न्हाई. पयल्यासारखं… व्हय गं, खरंच. फोटू? न्हाई, फोटू नगं. खाऊ दे."

"दिऊ?… आबा, आक्का बोलायचं म्हणती."

आबांनी दोन्ही हात वर केले, रश्श्यानं माखलेले. बिरदेव गुडघ्यावर बसला आणि फोन त्यांच्या कानाशी धरला. तिकडून ती काय म्हणाली ते त्यालाही ऐकू आलं नाही. आबा ऐकत राहिले. मान हलवली, फोनला मान हलवलेली कळते असं समजून. मग एवढंच बोलले, "मीठ कमी हाय." आणि परत पितळीकडं वळले.

"हॅलो? आक्का, मी हाय… व्हय, मीठ मीच घातलं. तू चमच्यात सांगिटलं, आमच्यात चमचं कुठलं… आई. आक्का, आई आली."

धोंडुबाई दारात उभी होती. हातात परात, परातीवर धुवून वाळवलेलं पांढरं फडकं, फरा न्यायला. तिनं नवऱ्याकडं बघितलं, पितळीकडं बघितलं, ओट्यावरच्या उघड्या कुकराकडं बघितलं.

"आई, सांगतो… आदी आयक. तसं न्हाई… आबांनीच… आई, बस जरा."

ती बसली नाही. मग परातीवरचं फडकं काढून तिनं नवऱ्याच्या मांडीवर टाकलं, धोतराला डाग पडू नये म्हणून, आणि भाकरी आणायला चुलीकडं गेली.

"काय न्हाई म्हणली. भाकरी आणाय गेली… तिला सगळं सांगतो मी. आबांना इचारून."

"चल ठेवतो आता. काकाला सांगाय पायजे, आजपासनं पंगतीत मधी तुमी बसा म्हणून. गाव गोळा झालं असंल… न्हाई, कसनुसं हुतंय, पर जातो की. दुसरं कोण जाणार?"

"काय सांगू म्हंजे? आबांनी आदीच खाल्लं म्हणून सांगतो. खोटं काय हाय त्यात?… कुकराचं? कुकराचं कुणी इचारलं तर बघू. न्हाई इचारलं तर कशाला… थांब, आबा काय म्हणत्यात."

आबा नळीतला मगज ओढत होते. ते ओढून झाल्यावर त्यांनी वर बघितलं आणि सावकाश, बिरदेवला नीट कळेल असं सांगितलं.

बिरदेवनं ऐकलं. दाराबाहेर नाथाजीचा आवाज येत होता, कुणाला तरी पंगतीच्या रांगा लावायला सांगत होता.

"आक्का, म्हणत्यात, न्हाई इचारलं तरी सांग."

"व्हय. तुझं नाव घिऊन सांग म्हणत्यात… ठेवतो. तू झोप आता."

त्यानं फोन बंद करून खिशात टाकला, पँटीला हात पुसले आणि दार उघडलं.